सगळ्या ओळी माझ्या

लाखांदूरचे ते गृहस्थ तलावांच्या पाणीवाटपाचं एक खुलं, कुणीही भर घालू शकेल असं सॉफ्टवेअर सांभाळतात. बोलण्याआधी ते चष्मा पुसतात. दोनदा पुसला, की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय.

मी एकदा कुणालाही न विचारता सगळ्या कोडवर ओळींची मांडणी आपोआप नीट करणारा फॉरमॅटर फिरवला. मांडणी देखणी झाली, पण शेवटचा हात माझा लागल्यामुळे नोंदीत प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याच्या जागी माझंच नाव आलं. करडी गावची एक मुलगी स्वतः लिहिलेल्या ज्या कोडच्या जोरावर नोकरी मागत होती, तोही माझा झाला.

त्यांनी चष्मा दोनदा पुसला. "वाऽ भाऊ! सारंच तुमी लिवलं? मंग आमी काय करून राहिलो होतो?"

मग ओळींचा लेखक शोधताना संगणकाने वगळायच्या बदलांची यादी करून त्यांनी माझा बदल तिच्यात टाकला. मांडणी राहिली, नावं परतली. त्या यादीत आजही एकच ओळ आहे. ती मात्र निर्विवाद माझी.