कॅप्टनचे ओठ मिटलेले होते

"सर, मी पूर्ण दिवस काढून फक्त किंचाळायला येऊ का?"

नसरीननं हेडफोन गळ्यात उतरवून विचारलं. ती उर्दू शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या जालना रोडवरच्या स्टुडिओत डबिंगला येते. तिच्या वाट्याला अंतराळयानातली इंजिनिअर बाई आली होती. पहिल्या भागात त्या बाईला दोन किंकाळ्या आणि एक वाक्य होतं: "कॅप्टन, आता काय?"

"हे लिहिलं कुणी?"

"मीच. जुन्या हिंदी डबिंगवरून."

"मग दुसरी कुणी तरी बघा. किंचाळायला शिक्षण लागत नाही."

मी डबिंगचे संवाद लिहितो. हे नुसतं भाषांतर नसतं. पडद्यावरचं तोंड जेवढा वेळ हलतं तेवढ्यात आपलं वाक्य बसवावं लागतं. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, म्हणून तिकडचे ओठ मिटतील तिथं आपल्याकडंही तसं अक्षर यावं लागतं. याला लिपसिंक म्हणतात. बेरजेसारखं काम आहे. जुळलं की जुळलं, नाही तर नाही.

करारामुळं या परदेशी मालिकेचं नाव सांगता येत नाही. मी शाळेत असताना ती टीव्हीवर हिंदीत लागायची. यान गरगरत ग्रहावर कोसळत असतं आणि कॅप्टन शांतपणे म्हणतो, "इंजन बंद करो. जहाज अपने आप सीधा होगा." आम्ही पोरं दौलताबादच्या घाटात उतारावर सायकलचं पॅडल सोडायचो आणि हेच ओरडत खाली यायचो. आता ती मराठीत करायची होती. मुंबईच्या क्लायंटची सूचना होती की सगळं जुन्या हिंदीप्रमाणं ठेवा, फॅन्सच्या आठवणी त्याच्याशी जोडलेल्या आहेत. माझ्याही होत्या. त्यामुळं मूळ इंग्रजी ट्रॅक लावून बघायची गरज मला वाटली नव्हती.

नसरीन गेल्यावर तो लावला. यान गरगरलं. इंजिन बंद करायचं वाक्य आलं, पण आवाज बाईचा होता.

मी मागं घेऊन पुन्हा ऐकलं. बाईचाच.

प्रकार मग लक्षात आला. त्या दृश्यात इंजिनिअर पॅनेलवर वाकलेली आहे आणि कॅप्टन तिच्या शेजारी उभा आहे. दोघंही पाठमोरे. तोंड दिसत नसेल तिथं डबिंगवाला कुणाचंही वाक्य कुणालाही देऊ शकतो. त्या काळी बाईच्या आवाजासाठी कलाकाराला वेगळ्या वेळी बोलवावं लागत असणार. पुरुष कलाकार माइकसमोर उभाच होता. दिलं त्याला.

संध्याकाळी घरी बाकीचे भाग मूळ आवाजात बघायला बसलो. बायको भाजी निवडत बघत होती. बाई पाठमोरी झाली की जुन्या हिंदीत तिची अक्कल कॅप्टनकडं गेलेली. मी दर वेळी मोठ्यानं सांगत होतो.

"अहो, तुमच्या कॅप्टनला एवढं सगळं येत असतं तर त्यानं इंजिनिअर कशाला ठेवली असती?" बायको म्हणाली.

हा प्रश्न मला शाळेत असताना पडायला हवा होता.

सकाळी गायके सरांना गाठलं. स्टुडिओ त्यांचा, आणि कॅप्टनचा आवाजही त्यांचाच. आवाज खणखणीत आहे आणि त्यांना ते माहीत आहे.

"सर, ते इंजिनाचं वाक्य नसरीनला द्यावं लागेल."

"नाय. त्या एका वाक्यासाठी तर मी कॅप्टन घेतला."

"मुळात ते तिचंच आहे."

"आसंल. पण लोकांच्या कानात बाप्याचा आवाज बसलाय. क्लायंटबी तेच म्हणतोय. तू लई विचार करू नको."

"मग ती काम सोडतेय."

"दुसरी बघू."

नसरीनसारखा आवाज शहरात मला तरी माहीत नव्हता. अखेरचा उपाय म्हणून म्हटलं, "ठीक आहे सर. एकदा चित्रावर वाक्य बसवून तर बघू."

चित्र नव्यानं साफ करून आलेलं होतं. जुन्या प्रिंटमध्ये यानाच्या खिडकीवर नुसती चकाकी दिसायची. आता त्या काचेत कॅप्टनचा चेहरा स्वच्छ दिसत होता, हे मी रात्री पाहिलं होतं. गायके सर माइकवर गेले आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "इंजिन बंद करा. यान आपोआप सरळ होईल."

काचेतल्या कॅप्टनचे ओठ घट्ट मिटलेले होते.

सरांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पडद्याजवळ जाऊन पाहिलं. "हा तर गप उभा हाय."

"हो सर."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ."

क्लायंटच्या मॅडमना फोन त्यांनी स्वतः लावला. "मॅडम, ते इंजिनाचं वाक्य मुळात बाईचं हाय, आन आता काच साफ झालीय. तोंड बंद आणि आवाज चालू, आसलं सिंक माझ्या स्टुडिओतून भायेर जाणार नाय."

मॅडमनी स्पीकरवर विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं ती बोलत होती?"

"व्हय."

"मग द्या तिला. सगळ्या भागांत."

नसरीनला निरोप गेला. पुढच्या सुट्टीला ती नवे संवाद वाचत आली. "क्या बात है सर, बाई अचानक हुशार झाली."

"आधीपासूनच होती."

तिनं वाक्य म्हटलं. ओरडून नाही, दमदाटी करून नाही. वर्गात गॅसचा बर्नर बंद करायला सांगावा तसं. पडद्यावरचं यान सरळ झालं. रेकॉर्डिस्टनं टाळी वाजवली आणि ती टाळी टेकमध्ये आली, म्हणून पुन्हा घ्यावं लागलं. दुसरा टेक आणखी चांगला झाला.

"मग कॅप्टननं काय करायचं?" गायके सरांनी विचारलं.

"बघायचं."

"नुसतं?"

"एक 'हं' आहे सर, यान सरळ झाल्यावर."

तो 'हं' त्यांनी पाच प्रकारे देऊन पाहिला. शेवटचा कौतुकाचा होता. तोच ठेवला.

मालिका पूर्ण झाली. मला ती आता जास्त आवडते, कारण यानात एकाऐवजी दोन शहाणी माणसं निघाली. बाईचं वाक्य बाईला द्या म्हटलं तेव्हा मला फॅन्स, कान आणि क्लायंट ऐकवले गेले. ओठ जुळत नाहीत हे दिसल्यावर चहा यायच्या आत मंजुरी मिळाली. तेव्हापासून न्यायाची बाब असली तर मी ती आधी तांत्रिक अडचण म्हणून मांडतो.