एक हजार एकची रीत

डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला तेव्हा बाबा त्यांच्यावरच खेकसले. तारीख-वार विचारून कुणाची अक्कल कळते का? जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. पण गॅस चालू ठेवून गॅलरीत बसले म्हणून शेजारणीचे मला दोनदा फोन आले होते. मी म्हटलं, चारकोपचं घर बंद करा, मुलुंडला माझ्याकडे चला. तेव्हा त्यांनी अट घातली, "मोठी संख्या दे. ज्या दिवशी चुकेन त्या दिवशी येईन."

मग दर रविवारी परीक्षा. मी कुठूनही आठ आकडी संख्या उचलायची, आणि तिला सात, अकरा, तेराने भाग जातो का ते त्यांनी सांगायचं, भागाकार न करता. त्यांची रीत साधी होती. उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडायचे, एक वजा, पुढचा अधिक करत जायचं. उरेल त्याला भाग गेला तर अख्ख्या संख्येलाही जातो, कारण सात, अकरा आणि तेराचा गुणाकार बरोबर एक हजार एक. एवढी अवाढव्य संख्या बघता बघता एवढीशी होते, याचं त्यांना म्हातारपणीही अप्रूप होतं.

आठ महिने ते एकदाही चुकले नाहीत. खरं सांगते, मी वैतागले होते. चुका एकदाचे, असं मनात म्हणायचे.

मग एका रविवारी गॅसच्या पुस्तकावरचा क्रमांक दिला, २७४५८४३१. मी आधीच करून पाहिलं होतं. ४३१ वजा ४५८, अधिक २७. शून्य. म्हणजे तिन्हींनी भाग जातो. इतकी सोपी मी कधी दिलीच नव्हती.

बाबांनी पेन्सिलीने स्वल्पविराम दिले. २,७४,५८,४३१. आपण एरवी सगळेच लिहितो तसे, लाख-कोटीचे. ही चूक वर्गातली पोरं करायची आणि बाबा डस्टर फेकून मारायचे. त्या गटांवर त्यांनी वजा-अधिक केलं, उत्तर आलं ४४५.

"कशानेच जात नाही," ते म्हणाले.

ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, "बरोबर."

"न पडताळता?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "करून दाखव."

मी तीन-तीनचे गट पाडून शून्य काढून दाखवलं. वाटलं, आता कपाळावर हात मारतील, स्वतःवरच चिडतील. त्यांनी माझ्या एकेका गटावर पेन्सिल टेकवली. मग हळूच विचारलं, "पण तीनच का गं?"

मी सांगितलं. सात, अकरा, तेरा, एक हजार एक; हजाराला तीन शून्यं, म्हणून तीन-तीनचे गट. ते मान हलवत होते, पण त्यांना काही कळलं नव्हतं. मला रडू फुटलं. तरी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "कपडे कुठले घ्यायचे ते तूच सांग."