गॅस काढला, साखर वाढवली

"साहेब, चाळीस टक्के! आता शेडला कुलूपच लावतो," बाबूरावांनी लेमन सोड्याची बाटली माझ्या टेबलावर आपटली. वाळूजला त्यांचा छोटा बॉटलिंग प्लँट आहे. चौदा बाया कामाला. गोड, फसफसणारी पेयं लोकांनी कमी प्यावीत, म्हणून सरकारनं ती सगळ्यात वरच्या, चाळीस टक्के जीएसटीत टाकलीत.

मी कर सल्लागार. दरांचं कोष्टक उघडलं. प्रत्येक मालाला एचएसएन कोड असतो, म्हणजे त्याची सरकारी ओळख. कर त्यावरून ठरतो. बोट फिरवत एका ओळीवर आलो आणि खुर्चीतून उठलोच. फळाच्या गराचं पेय, त्यात गॅस नसेल तर फक्त पाच टक्के!

"बाबूराव, गॅस काढा. कैरीचा गर घाला."

"व्हय? आन् मग पाच?"

"पाच!"

"मग चला की, उठा!"

त्याच दुपारी आम्ही प्लँटवर. केमिस्ट शबाना मॅडमनी सॅम्पल बनवलं. बाबूरावांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. "दात आंबले की ओ! साखर वाढवा."

वाढवली. चाखलं. पुन्हा वाढवली. पाचव्या पेल्याला बाबूराव ओरडले, "जमलं!" मी चक्क टाळ्या पिटल्या.

शबाना मॅडम हसल्या नाहीत. "सर, सोड्यापेक्षा साखर बरीच जास्त झाली. ये तो उलटा हो गया ना?"

"मॅडम, दर गरावर ठरतो. साखर किती, ते कुणी विचारत नाही."

मला स्वतःला शुगर आहे. सकाळी गोळी घेऊन घराबाहेर पडलो होतो. तरी हे बोललो.

प्लँट तरला. किंमत उतरली, लेबलवर हिरव्यागार कैऱ्या आल्या, खप वाढला. दोन महिन्यांनी बाबूराव पेढे घेऊन हजर. "साहेब, शाळेच्या कँटीनमधी घुसलो! तिथल्या हेडमास्तरीणबाईंनी सोडा बंद केलता. हे बघून म्हणल्या, फळाचं हाय, चालतंय."

पेढा माझ्या हातातच राहिला.

"बाबूराव, साखर थोडी कमी करा ना."

"लई भारी चव जमलीय, आता कशाला? कायद्यात कुठं आडवं येतंय का?"

"नाही."

"मग?"

ते गेल्यावर मी हेडमास्तरीणबाईंना फोन केला. नाव सांगितलं, आणि बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचायला सांगितली. त्यांनी मला फोनवर थांबवून वाचली. "एवढी साखर? आजच बंद करते," त्या म्हणाल्या.

कँटीनची ऑर्डर रद्द झाली. बाबूरावांचा फोन आला. "साहेब, तुम्ही आमचे का त्यांचे?" मी त्यांची फाइल बांधून ठेवली.

प्लँट चालू आहे. चौदाही बाया कामावर आहेत. बाबूरावांचा कर सल्लागार मात्र आता दुसरा आहे. मी हल्ली दर शोधण्याआधी मालात काय आहे ते विचारतो. वेळ जास्त जातो, फी तेवढीच मिळते.