जामीनदाराचा स्लॅब

अंबडमध्ये माझा शुद्ध पाण्याच्या जारचा धंदा होता. तो पाण्याअभावी बंद पडला. हे मी आजवर बऱ्याच लोकांना सांगितलं आहे. ऐकणारा आधी हसतो, मग माझ्याकडे बघून थांबतो. तुम्ही हसलात तरी चालेल. सहा वर्षं झाली, त्या हसण्याची मला सवय आहे.

सवय झाली नाही ती एका घराची. कोर्टाच्या मागच्या नव्या वस्तीत माझ्या लहानपणापासूनच्या मित्राने घर बांधायला काढलं होतं. भिंती झाल्या, कॉलमच्या सळया वर आल्या आणि काम तिथंच थांबलं. वर पत्रे टाकून माणसं राहायला आली. त्या सळया उन्हापावसात गंजत उभ्या राहिल्या आणि त्याला कारण मी होतो.

मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे, विज्ञान शिकवतो. पतसंस्थेने कर्जासाठी पगारदार जामीनदार मागितला तेव्हा मी कागद घेऊन त्याच्या शाळेत गेलो. तो व्हरांड्यात मुलांच्या वह्या तपासत बसला होता. मी धंदा समजावून सांगायला लागलो: मशीन कोणतं, जार किती, लग्नसराईत मागणी कशी असते. त्याने मान वर न करता म्हटलं, "सही कुठं करायची ते दाव. बाकी तुझं तू बघ." सही केली आणि पुन्हा वह्यांत डोकं घातलं. मला जरा रागच आला, कारण माझं भाषण अर्ध्यावर राहिलं होतं.

प्लँटला मी मुलीचं नाव दिलं आणि प्रत्येक जारवर ते निळ्या ऑइलपेंटने लिहून घेतलं. इथं ते लिहीत नाही. तालुक्यातल्या बऱ्याच घरांत ते अजून वाचता येतं. आमच्याकडे जार परत करायची फारशी पद्धत नाही. भरलेला जार लग्नाला जातो आणि लग्न उरकलं की त्यात ज्वारी भरून ठेवतात. मी परत मागायला जायचो आणि चहा पिऊन रिकाम्या हाताने यायचो.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, बोअर आटला. आता पुढचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त बायकोला माहीत होतं, कारण ती तिथंच उभी होती.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी देव्हारा निघाला आणि त्यामागोमाग लिंबू, मिरची, अंगारा, सगळंच गेलं. नारळ तर आमच्या घरात येतच नसे. मराठवाड्यात भाजीला सुकं खोबरं लागतं. ओला नारळ घरात येतो तो देवाच्याच वाटेने, आणि ती वाट आमच्याकडे बंद होती. मित्र याच्याही पुढचा. तो दरवर्षी शाळेत तळहातावर नारळ ठेवून चालून दाखवायचा आणि पाणी असलेल्या जागी नारळ आपोआप उभा राहत नाही, हात त्याला कसा उभा करतो, हे मुलांना समजावायचा. एका वर्षी त्या कार्यक्रमाला मी पाण्याचे जार फुकट दिले होते. पुढच्या रांगेत बसून टाळ्याही वाजवल्या होत्या.

आणि मी पाणाड्या बोलावला. पाणाड्या म्हणजे तळहातावर नारळ ठेवून जमिनीतलं पाणी सांगणारा माणूस. घनसावंगीकडचा होता, त्याची फी माफक होती. तो माझ्या प्लॉटमध्ये अनवाणी फिरला आणि दोन जागी नारळ उभा राहिला. मी डोळ्यांनी बघितलं. टाळ्या वाजवलेल्या असूनही मला ते खरं वाटलं, कारण मला पाणी पाहिजे होतं.

दोन बोअरसाठी कर्ज वाढवून घ्यावं लागलं, म्हणजे मित्राची आणखी एक सही. या वेळी त्याने एकच विचारलं, जागा कुणी दाखवली. मी म्हणालो, जालन्याहून इंजिनियर आला होता, यंत्र घेऊन. त्याने सही केली.

बोअरची गाडी आली. वरची माणसं तमिळ बोलणारी, पण दोनशे फुटांवर धुरळा निघाला तेव्हा त्यांनी मान हलवली ती मला बराबर समजली. चारशेवर धुरळा, सहाशेवर धुरळा. पाणाड्या म्हणाला, जागा हातभर सरकली असंल. मग दुसरी जागा, तिथंही धुरळाच. शेवटी माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. दोन्ही बोअर मिळून जे काही पाणी लागलं ते पाणाड्याने फोडलेल्या नारळातलं.

संध्याकाळी मित्र चौकशीला आला. बायकोने चहा केला आणि घरात तेवढंच होतं म्हणून ताटलीत गूळ आणि खोबऱ्याचे तुकडे ठेवले. दोन्ही बोअर कोरडे गेल्याचं मी सांगितलं. तो खोबरं खाऊन, चहा पिऊन गेला.

घेतलेल्या ऑर्डरी पुऱ्या करायला मी टँकरचं पाणी विकत घेतलं आणि त्याहून स्वस्तात जार विकले. हे किती दिवस चालतं ते सांगायची गरज नाही. मशीन, फिल्टर आणि उरलेले जार जालना रोडवरच्या एका शेठला विकले. त्याचाही जारचाच प्लँट होता. ते पैसे टँकरवाल्याकडे गेले. पतसंस्थेचे हप्ते थांबले आणि पतसंस्थेने मित्राच्या ऑफिसला पत्र लिहून त्याच्या पगारातून कपात सुरू केली.

त्याने मला सांगितलं नाही. एके दिवशी त्याच्या घरावरून जाताना बघितलं तर सेंट्रिंगवाला स्लॅबसाठी ठोकलेल्या फळ्या काढून गाडीत भरत होता. त्याच आठवड्यात वहिनी माझ्या बायकोला विहारात भेटली आणि म्हणाली, "पगार अर्धाच हाती येऊन राह्यला बाई. स्लॅबचं मंग बघू." तक्रार म्हणून नाही, सहज. बायकोने घरी येऊन तसंच सहज मला सांगितलं आणि भाकरी वाढली.

त्यानंतर मी त्याच्या गल्लीत जायचं बंद केलं. मग तो ज्या दुकानात बसतो ते दुकान टाळलं, मग विहार. अंबडमधल्या मागच्या बोळांची माझ्याइतकी माहिती असलेला दुसरा माणूस नसेल. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तो माझ्याकडे येताना दिसला, तेव्हा मी स्पीकरच्या ट्रकमागे जाऊन उभा राहिलो. दोन दिवस मला नीट ऐकू आलं नाही.

त्याने कधी एक रुपया मागितला नाही. मागितला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. मला त्याची लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून मी त्याच्यावरच चिडत होतो. मिळेल ते काम करायचो, टिकायचो नाही. संध्याकाळी घरात बसून पाऊस, पतसंस्था आणि बोअरवाले यांना नावं ठेवायचो. नारळाचं नाव घेत नव्हतो.

बायको तोवर शाळेत खिचडी शिजवायला लागली होती. एका संध्याकाळी ती म्हणाली, "तोंड लपवून हिंडायचा पगार मिळतो का? न्हाई ना? मंग पगार मिळंल असं काही तरी करा." आवाज चढवला नाही. खिचडीच्या धुराने तिचे डोळे तसेही लाल होते.

दुसऱ्या दिवशी मी जालना रोडवर त्याच शेठकडे गेलो. त्याला ड्रायव्हर पाहिजे होता. मी म्हणालो, लोक काय म्हणतील, माझ्याच धंद्यात हमाली. शेठ म्हणाला, "गाडी चलानी आती ना? बस. शरम का खर्चा अपने को परवडता नै." आणि चावी दिली.

पहिल्या सकाळी उचललेल्या पहिल्याच जारवर माझ्या मुलीचं नाव होतं. शेठने काही जारवरचं नाव खरवडून काढलं होतं, मग कंटाळून सोडून दिलं होतं. मी त्या जारकडे बघत उभा राहिलेला त्याने पाहिलं आणि म्हणाला, नाम अच्छा है, रहने दो. तेव्हापासून मी माझ्या जारमधून त्याचं पाणी पोचवतो. त्याचा बोअर भर उन्हाळ्यातही चालतो. जागा कुणी दाखवली, असं मी एकदा विचारलं. कुणीच नाही, तो म्हणाला, बाजूला तलाव आहे.

पहिला पगार घेऊन मी पतसंस्थेत गेलो आणि मॅनेजरला म्हणालो, हप्ता आता माझ्या पगारातून कापा, गुरुजींची कपात थांबवा. मॅनेजरने माझ्या मागे कुणी उभं आहे का ते बघितलं. आपण होऊन असं कुणी येत नाही, म्हणाला. मग शेठचं पत्र लागलं, माझा अर्ज लागला, कमिटीची मीटिंग लागली, मीटिंगला कोरम लागला. मी रोज जार टाकायला जायचो तेव्हा त्याच्या टेबलापुढे पाच मिनिटं उभा राहायचो. चौथ्या महिन्यात कपात थांबवायचं पत्र निघालं. ते पोस्टाने जाणार होतं. मी स्वतः नेऊन मित्राच्या ऑफिसात दिलं आणि पोच घेतली. ती पोच अजून माझ्या पाकिटात आहे.

तेव्हापासून हप्ता माझ्या पगारातून जातो. कर्ज अजून बरंच आहे. महिनाअखेरीला घरात डाळ पातळ होते. पण आपल्याच पगारातून कपात होण्यात माणसाला एवढं बरं वाटू शकतं, हे मला आधी माहीत नव्हतं. मित्राला मात्र काही कळवलं नाही. पूर्ण पगार हाती आला की त्याला कळेलच, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की भेटलो असतो तर नारळाचं सांगावं लागलं असतं.

असं वर्ष गेलं. मग एका सकाळी शेठने हातात चिठ्ठी दिली: दहा जार, गुरुजींचं घर, आज स्लॅब. मी दुसऱ्या ड्रायव्हरला शोधलं. तो घनसावंगीला निघून गेला होता.

घरासमोर काँक्रीटचा मिक्सर धडधडत होता. बायामाणसं घमेली घेऊन रांगेत उभी होती. मी जार गेटजवळ भिंतीला लावले, नावं भिंतीकडे करून, आणि गाडीकडे निघालो. वहिनी बाहेर आली. तिने एक जार फिरवला, नाव वाचलं आणि म्हणाली, "भाऊजी, माणसं वर हायेत. पाणी बी वर लागंल." आता सहा वर्षांनी भेटलेल्या बाईला, मला जिना चढता येत नाही, असं कसं सांगणार? जार खांद्यावर घेतला.

वर मित्र उभा होता. केस पांढरे झाले होते. सिमेंटने की वयाने, ते कळत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, पण मिस्त्री त्याच्याशी हुज्जत घालत होता. मिस्त्रीचं म्हणणं, नारळ फोडल्याशिवाय पहिलं घमेलं टाकणार नाही. मित्र म्हणत होता, सकाळी वंदना झाली आहे, पेढे आणले आहेत, नारळाचं इथं काय काम.

मी जार खाली ठेवला. मिक्सरच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही, असा माझा हिशेब होता. मी म्हणालो, "माझे दोन्ही बोअर नारळानंच दाखवल्ते. इंजिनियर कुणी आल्ता न्हाई. मी खोटं बोललो तुला." नेमका तेव्हाच खाली मिक्सर थांबला. मिस्त्री, बाया, वहिनी, सगळ्यांनी ऐकलं.

मित्र म्हणाला, "मला ठाव हाय."

मी म्हणालो, कसं काय?

"त्या दिवशी ताटलीत ओलं खोबरं व्हतं. तुमच्या घरी ओलं खोबरं कुठून आलं?"

मी खाली बसलो, सळयांवरच. सहा वर्षं मी जे त्याच्यापासून लपवत बोळाबोळांतून हिंडत होतो, ते त्याला पहिल्याच संध्याकाळी गुळासोबत वाढलेलं होतं. आणि ते खाऊन, सगळं समजून, तो माझे हप्ते भरत राहिला होता. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

मी विचारलं, "मंग तवाच बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्त्या." मग म्हणाला, "पैशाचं काही न्हाई. तू आला न्हाईस, त्याचा राग हाय."

मिस्त्रीला यातलं काहीच कळलं नव्हतं, पण त्याने नारळाचा विषय सोडला. एका बाईच्या हातातलं भरलेलं घमेलं मित्राने घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. दुसरी बाजू मी धरली. पहिलं घमेलं आम्ही दोघांनी टाकलं. मग त्याने हात पुसले आणि सांगितलं की स्लॅबवर एकवीस दिवस पाणी मारावं लागतं, उद्यापासून सकाळी ये.

शेठने गाडीवर जुनी टाकी ठेवू दिली. एकवीस दिवस मी कामावर जायच्या आधी त्या स्लॅबवर पाणी मारलं. त्याच्या पगारातून गेलेलं आता मी त्याला महिन्याला थोडं थोडं देतो. तो न मोजता खिशात घालतो आणि वहिनी मोजते. बाविसाव्या दिवशी मिस्त्री म्हणाला, बस झालं, स्लॅब पक्का झाला. तेविसाव्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो. मित्राने कशाला आलास असं विचारलं नाही. आत वळून वहिनीला सांगितलं, चहा एक कप वाढव.