केमोला नाही म्हटलं त्या दिवशी

ऑपरेशनमध्ये एक छाती काढली आणि त्यानंतर माझं देवाशी बोलणंच तुटलं. आजार संसर्गाचा नाही असं डॉक्टरांनी समजावूनही सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं. मेहकरात आमच्या आळीत कुणी आजाराचं नाव घेत नसे. 'तिला बरं नाही' एवढंच म्हणत. हे शाळेत शिकवून घरी आले की गोळ्या घेतल्या का विचारत आणि नजर दुसरीकडे वळवत. त्यांनाही भीती वाटत असेल, पण तेव्हा मला ते कळत नव्हतं.

पुढच्या केमोसाठी अकोल्याला निघायचं, त्या सकाळी मी यांना म्हटलं, "आता पुरे. मी येत नाही." आणि बालाजीच्या देवळात जाऊन बसले. दर्शन घेतलं नाही. भिंतीला टेकून एवढंच म्हटलं, आता मला ने.

थोड्या वेळाने एक वयस्कर बाई शेजारी येऊन बसल्या. रोहिणखेडच्या, लेकीकडे आलेल्या. माझ्या डोक्याच्या रुमालाकडे पाहून त्यांनी सरळ विचारलं, "छातीचा कॅन्सर हाये का, बाई?"

घरातलं कुणी तो शब्द माझ्यासमोर उच्चारत नव्हतं. मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात धरून आपल्या पदराखाली ठेवला. एक बाजू माझ्यासारखीच सपाट होती.

"मले बी मरावं वाटे. तवा सांगाले कोणी नव्हतं, म्हणून तुले सांगून राह्यली. रडून घे. घरी रडता येत नाही आपल्याले."

मी रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही. मग मी निघायला तयार झाले, आणि लेकीला फोन करून त्याही माझ्या आणि यांच्यासोबत अकोल्याच्या एसटीत बसल्या. केमो घेऊन परत येताना मला उलट्या सुरू झाल्या तेव्हा यांना म्हणाल्या, "मास्तर, खिडकीबाहेर काय पाहून राह्यले? पाठ धरा तिची." यांनी धरली. मेहकर येईपर्यंत सोडली नाही.

उरलेल्या केमो मी पूर्ण केल्या. प्रत्येक वेळी रोहिणखेडच्या त्या मावशींचा फोन यायचा. पुढे एकदा त्यांच्या लेकीनेच फोन केला. मावशींचा आजार उलटला होता, हाडांत गेला होता.

मी रोहिणखेडला गेले. कूस बदलतानाही त्या कळवळत होत्या. त्यांच्याकडे पाहून मला माझंच मरण दिसलं, आणि ते त्यांनी ओळखलं. "माहं उलटलं म्हणून तुहं उलटन असं नाही. तपासणी चुकवू नको." मी त्यांचे केस विंचरले, पाणी पाजलं. पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या.

त्या का गेल्या आणि मी का राहिले, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. त्या दिवशी त्यांना देवाने पाठवलं की त्या सहज आल्या, यावर मी वाद घालत नाही. माझं पुढे काय होईल ते त्याच्यावर सोपवलंय. बरी ठेव, हे मागणं सुटत नाही. पण हात जोडले की आधी म्हणते, पुन्हा कधी मी नको म्हटलं तर कुणाला तरी पाठव. आणि कुणाकडे जायला माणूस हवं असेल, तर मला पाठव.