कबुलीविना पंगत

आमच्या करडीकडच्या, धानपट्ट्यातल्या गावात कोंबडीचोराची शिक्षा ठरलेली असे. त्यानं गावाला पंगत द्यायची आणि सगळ्यांसमोर उभं राहून "मी चोरली" म्हणायचं. तोवर पानाला कोणी हात लावत नसे. एकदा म्हटलं की प्रकरण संपलं, त्या कोंबडीचं नावही पुन्हा निघत नसे. पुढे नागपुरात वकिली शिकताना न्याय म्हणजे काय यावर जाडजूड पुस्तकं वाचली. शिक्षा, सुधारणा, भरपाई, सगळं त्यांत होतं. जेवण तेवढं नव्हतं.

सत्तरच्या दशकात गावाशेजारी एका कंपनीची राईस मिल आली. तिचा धान मोजायचा काटा खोटा आहे, हे पहिल्यांदा माझे बाबा बोलले. मॅनेजरनं बैलगाड्यांच्या रांगेसमोर त्यांनाच खोटारडं ठरवलं आणि त्यांचं धान घेणं बंद केलं. रांगेनं माना डोलावल्या, कारण रांगेचं धान अजून मोजायचं होतं. पुढे मी वकिलीच्या वर्गात असताना सरकारी वजनमापवाल्यांनी तोच काटा पकडला. कंपनीनं मोठा वकील आणला आणि सरकारशी तडजोड झाली: सरकारला दंड, शाळेच्या छपराला नवे टिन, गावाला जेवण, आणि कंपनी कोणताही दोष कबूल करत नाही. म्हणजे चोरी झाली होती, फक्त चोर नव्हता. खोटारडे मात्र बाबाच राहिले.

जेवणाचं आमंत्रण आलं तेव्हा गावाला वाटलं, ही आपली तीच पंगत. बाबा दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून पहिल्या ओळीत बसले. वरण-भात, वांग्याची भाजी आली, मॅनेजरनं स्वतः बुंदी वाढली, तरी कोणी हात लावेना. त्यानं हात जोडून सुरू करा म्हटलं. माश्यांनी सुरू केलं. शेवटी एका म्हाताऱ्यानं त्याला रीत समजावली. मॅनेजरनं शेजारी उभ्या कंपनीच्या वकिलाकडे पाहिलं, वकिलानं नकारार्थी मान हलवली. मग मॅनेजर खाकरून म्हणाला, "काट्यात जरासा बिघाड होता."

"मंग पंगत काट्यानं देल्ली का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

पंगत हसली, मॅनेजरही हसला, आणि हसता हसता हात बुंदीकडे गेले. माझं गाव इतकं स्वस्तात गेलं याची मला आजही चीड येते. बाबा भरल्या पानावरून उठून घरी गेले.

मी तेव्हा सुट्टीवर आलो होतो; घरी मी त्यांना तडजोडीचे फायदे सांगितले. कोर्टाचा वेळ वाचतो, सरकारचा खर्च वाचतो, मिल वाचते, मजुरांचं काम वाचतं.

"समदे वाचले," बाबा म्हणाले. "अन मी?"

नंतर दर सुट्टीत मी गावी गेलो की ते विचारत, मॅनेजर काही बोलला का? नाही म्हटलं की म्हणत, "बोलन. पंगत देल्ली त्यानं, बोलाच लागन."

मिलच्या वाटेला ते पुन्हा कधी गेले नाहीत. मॅनेजर केव्हाच बदलून रायपूरला गेला होता. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांना कोणी सांगितलं नाही, मीही नाही.