साहेबांच्या नावाचं गाऱ्हाणं

डायलिसिस करून आलेल्या माणसाला चढ चढायला लावू नये, हे कळायला शिक्षण लागत नाही. मी आठवीतून शाळा सोडली, तरी मला कळतं. आईला नेणारी गाडी ज्यांची होती, त्यांना कळत नव्हतं.

गाडी एका श्रीमंत घराण्याच्या फाउंडेशनची. पेडण्यातल्या आमच्या गावातून आईला आठवड्यातून तीनदा म्हापशाला न्यायची, परत आणायची. उपचारासकट सगळं फुकट. ते नसते तर आई आज नसती. आखातातल्या हॉटेलच्या चादरी धुऊन मी एवढा खर्च कुठून केला असता? हे उपकार मी कधीच नाकारले नाहीत. पण गाडी खाली हमरस्त्यावरच थांबायची. घरापर्यंत चांगला डांबरी रस्ता, पाववाल्याचा टेम्पो दारात यायचा. ड्रायव्हर म्हणायचा, "वर जायची ऑर्डर नाही." बाबा ऑफिसात जाऊन विनवून आले. "बघू," एवढंच उत्तर. आई चढावर वाटेतल्या दगडी गडग्यावर बसत, धापा टाकत घर गाठायची.

आणि मग त्यांनाच आमच्याकडून काहीतरी हवं झालं. व्हिडिओ! आपल्या गोव्यासाठी आपण काय काय करतो, ते जगाला दाखवायचं होतं.

देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा. ते देवापुढे गावाचं सुखदुःख मांडतात, मागणं मागतात आणि दर वाक्याला लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. ऑफिसातल्या मॅडमना हे भलतंच आवडलं. "एकदम अस्सल वाटेल, बाबा! फक्त देवाच्या जागी आमच्या साहेबांचं नाव घ्या."

बाबांनी मला फोन लावला. "माणसाक गाऱ्हाणा घालतत काय रे, झिला?"

माझं डोकं भणभणलं. आईच्या उपचाराच्या बदल्यात यांना देवाची जागा हवी? पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "घाला, बाबा. गाडी बंद केली तर?"

"तू थंयच भियान मर. मी हय बघतंय."

शुक्रवारी मला सुट्टी. चुलतभावाने देवळाच्या अंगणातून फोनवर सगळं दाखवलं. गाडीला झेंडूची माळ, मॅडम, कॅमेरा, गाव. बाबांनी गाडीकडे पाठ केली, देवाकडे तोंड केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या साहेबांनी आमका गाडी दिली!"

"व्हय म्हाराजा!"

"बरा केला. तेंका सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"पण ती गाडी हमरस्त्यार थांबता, आणि दुखणाईत बाईल धापा टाकीत घराक येता. तेंका दारापर्यंत येवची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं. त्या भरात मॅडमही ओरडल्या. मग त्यांचा चेहरा पडला. "पुन्हा घेऊया का? फक्त आभाराचं?"

"देव भयरो नाय, बाय. तेका एकदा सांगितला की ऐकाक येता," म्हणत बाबा चपला शोधायला लागले.

व्हिडिओ आला तेव्हा त्यात फक्त "गाडी दिली" आणि "व्हय म्हाराजा" होतं. बाकीचं कापलेलं. मी मोबाइल गादीवर आपटला.

सोमवारी मात्र गाडीने दारात हॉर्न वाजवला. ती अजून वर येते. आई सांगते, "ड्रायव्हर आमच्याकडे चाय पण पिता." पण ऑर्डर कुणी दिली, ती कधी फिरेल, कुणी सांगत नाही. म्हणून डायलिसिसच्या दिवशी फोन लावला की आईची तब्येत मी नंतर विचारतो. आधी विचारतो, गाडी कुठे थांबली?